स्क्रीन रीडरला कळेल अशी यादी: दस्तऐवजात मुद्दे आणि क्रमांक नीट कसे द्यायचे

दस्तऐवजात यादी करताना बहुतेक जण ती दिसायला नीट आहे ना, एवढंच पाहतात. ओळीच्या सुरुवातीला एक डॅश किंवा हातानं टाइप केलेला "१)", मग टॅब, मग मजकूर. मजकूर दुसऱ्या ओळीवर गेला की चार स्पेस मारून तो वरच्या ओळीखाली जुळवायचा. कागदावर छापलं तर यात काहीच खोट दिसत नाही. स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तीला मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, मात्र ही यादी नसतेच. त्याच्यापुढे नुसत्या सुट्या ओळी असतात आणि तो त्या एकामागून एक वाचत सुटतो.

खरी यादी असेल तर ऐकणाऱ्याला वेगळ्याच गोष्टी कळतात. वेबपानावर किंवा नीट टॅग केलेल्या (म्हणजे हे शीर्षक, ही यादी अशा लपलेल्या खुणा असलेल्या) पीडीएफमध्ये यादी सुरू झाली, तिच्यात इतके मुद्दे आहेत, आपण आतल्या पातळीवर उतरलो, यादी संपली, हे सगळं स्क्रीन रीडर सांगतो. एन्व्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर वापरणारा माणूस एल दाबून थेट पुढच्या यादीवर जातो, आय दाबून मुद्द्यामुद्द्यानं पुढे सरकतो आणि यादी नको असेल तर स्वल्पविरामाची कळ दाबून तिच्या शेवटापलीकडे उडी मारतो. यादी हाताच्या डॅशनं केलेली असेल, तर यातलं काहीही चालत नाही.

मी स्वतः ही चूक केली आहे. सोळा पायऱ्यांच्या सूचना लिहिल्या आणि ओळी जवळजवळ दिसाव्यात म्हणून प्रत्येक पायरीनंतर शिफ्ट+एंटर दाबलं. त्यानं ओळ बदलते, पण परिच्छेद तोच राहतो. माझ्या अंध सहकाऱ्यानं फाइल उघडली आणि परिच्छेदानं पुढे जाणारी कळ दाबली, तर सोळाच्या सोळा पायऱ्या एका दमात वाचल्या गेल्या. नववी पायरी परत ऐकायची तर पहिलीपासून सुरुवात. तेव्हापासून मी कामाचा एक क्रम ठरवला आहे: आधी मजकूर, मग साफसफाई, मग यादीचं बटण, त्यानंतर क्रमांक आणि सगळ्यात शेवटी पीडीएफ. चुका होतात त्या बहुतेक हा क्रम उलटा केल्यामुळे.

## टप्पा १: यादी हवी आहे का, ते ठरवा

प्रत्येक तुकडा बुलेटमध्ये घालायची गरज नसते. दोनच गोष्टी असतील तर साधं वाक्य ऐकायला सोपं जातं. पायऱ्या क्रमानं करायच्या असतील किंवा पुढे कुणी "सहावा मुद्दा पाहा" म्हणणार असेल, तर क्रमांकाची यादी करा. क्रम महत्त्वाचा नसेल तर बुलेट.

प्रत्येक मुद्द्यात तीच तीच माहिती येत असेल, म्हणजे नाव, तारीख आणि वेळ, तर ती यादी नसून तक्ता आहे. तिला वरच्या ओळीत शीर्षकं असलेला खरा तक्ता द्या. याउलट, साधी यादी दोन रकान्यांत दिसावी म्हणून तक्त्यात भरू नका. तक्ता आला की स्क्रीन रीडर प्रत्येक घराबरोबर ओळ आणि रकाना सांगत बसतो. दोन रकाने हवेच असतील तर यादी खरीच ठेवा आणि पानाच्या मांडणीतून कॉलम द्या.

एकेका मुद्द्याखाली दोन-तीन परिच्छेद येत असतील तर मुद्द्यांना उपशीर्षकांच्या शैली द्या. ऐकणारा माणूस शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतच लांब दस्तऐवज वाचतो.

## टप्पा २: मजकूर कानाला कळेल असा लिहा

या टप्प्यावर कुठलंही बटण दाबायचं नाही. फक्त लिहायचं.

यादीच्या आधी एक ओळख-वाक्य असू द्या. नजरेनं वाचणाऱ्याला यादी किती लांब आहे ते एका क्षणात दिसतं. ऐकणाऱ्याला तसं दिसत नाही. "अर्जासोबत पुढील पाच कागदपत्रं जोडा" असं लिहिलं की पाच ऐकायची आहेत हे त्याला आधीच कळतं. वर्डच्या फाइलमध्ये मुद्द्यांची एकूण संख्या प्रत्येक स्क्रीन रीडर सांगेलच असं नाही. म्हणून पाचच्या वर मुद्दे असतील तिथे मी संख्या शब्दांतच लिहितो.

"सगळे" की "यांपैकी एक" हे सुरुवातीलाच सांगा. इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या वेळा चुकलेली मी दुसरी पाहिलेली नाही. मराठीत आपण यादीच्या शेवटून दुसऱ्या मुद्द्याच्या टोकाला "किंवा" लिहितो. पाहणाऱ्याची नजर त्याच्यावर पडते. ऐकणारा मात्र तोपर्यंत चार मुद्दे "हे सगळं करायचं आहे" असं समजून ऐकत असतो आणि शेवटी "किंवा" आलं की त्याला मागे जाऊन सगळं पुन्हा ऐकावं लागतं. त्यामुळे "पुढीलपैकी कोणताही एक पुरावा चालेल" किंवा "पुढील सर्व पुरावे लागतील" हे ओळख-वाक्यातच येऊ द्या.

मुद्द्याचा मुख्य शब्द पुढे आणा. आय दाबत पुढे जाणारा माणूस प्रत्येक मुद्द्याचे पहिले दोन-तीन शब्द ऐकतो आणि थांबायचं की पुढे जायचं ते ठरवतो. "आपण अर्ज करताना आपल्याकडे असलेलं ओळखपत्र", "आपण अर्ज करताना आपल्याकडे असलेला पत्त्याचा पुरावा" असे मुद्दे लिहिले तर प्रत्येक वेळी तेच पाच शब्द ऐकावे लागतात. "ओळखपत्र: …", "पत्त्याचा पुरावा: …" असं लिहिलं की काम होतं.

प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी पूर्णविराम द्या, मुद्दा दोन शब्दांचा असला तरी. विरामचिन्ह आलं की आवाज थांबतो आणि दोन मुद्दे एकमेकांत मिसळत नाहीत.

> तपासा: ओळख-वाक्य आणि मुद्दे कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांना कागद दाखवू नका. किती मुद्दे होते आणि सगळे करायचे होते की एकच, हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ३: साफसफाई

लोक हा टप्पा गाळतात आणि थेट यादीचं बटण दाबतात. मग दोन-दोन बुलेट येतात, मधल्याच ओळीला क्रमांक मिळतो, रिकाम्या ओळीलाही बुलेट लागते.

आधी फॉन्ट पाहा. मजकूर कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर पुढचं सगळं काम वाया जाईल. अशा फाइलमध्ये आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा चेहरा देतो, आणि स्क्रीन रीडर आतली अक्षरं वाचतो. मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी दिसली नाही तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घाला.

भाषा मराठी आहे का ते पाहा. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडा, रिव्ह्यू टॅबमधल्या लँग्वेजमध्ये जा आणि सेट प्रूफिंग लँग्वेजमधून मराठी निवडा. फाइलवर इंग्रजीचा शिक्का असेल तर भाषेप्रमाणे आवाज बदलणारा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे देतो, आणि तो आवाज देवनागरी नीट वाचू शकत नाही.

लपलेली चिन्हं दाखवा. वर्डमध्ये कंट्रोल+शिफ्ट+८, लिब्रेऑफिस रायटरमध्ये कंट्रोल+एफ१०. आता स्पेस ठिपक्यांनी, टॅब बाणांनी आणि शिफ्ट+एंटर वळलेल्या बाणानं दिसेल. परिच्छेद जिथे खरोखर संपतो तिथे परिच्छेदाचं चिन्ह असेल.

यानंतरची साफसफाई याच क्रमानं करा:

1. वळलेले बाण काढा. यादीचा भाग निवडा, कंट्रोल+एच दाबा, मोअर आणि मग स्पेशल उघडा. शोधायच्या चौकटीत "मॅन्युअल लाइन ब्रेक" आणि बदलायच्या चौकटीत "पॅराग्राफ मार्क" घाला. आता प्रत्येक मुद्दा स्वतंत्र परिच्छेद होईल.
2. हातानं टाइप केलेले डॅश, तारे, ठिपके आणि क्रमांक काढा. पॅराग्राफ मार्क, त्यापुढे डॅश आणि स्पेस एवढं शोधा आणि त्याऐवजी नुसता पॅराग्राफ मार्क ठेवा. दस्तऐवज यादीनंच सुरू होत असेल तर पहिला मुद्दा या शोधात सापडत नाही, तो हातानं साफ करा. क्रमांकांसाठी ऑल्ट दाबून माउसनं उभा पट्टा निवडता येतो. क्रमांक एकाखाली एक नीट असतील तर ते एकदम पुसता येतात.
3. मजकूर जुळवण्यासाठी मारलेले टॅब आणि जादा स्पेस काढा.
4. मुद्द्यांमधल्या रिकाम्या ओळी काढा. प्रत्येक रिकाम्या ओळीवर स्क्रीन रीडर "रिकामं" म्हणतो, आणि पीडीएफमध्ये रूपांतर होताना यादीचे तुकडे पडण्याचं एक कारण याच ओळी असतात.

> सावधान: पहिली बदली निवडलेल्या भागापुरतीच करा. बदल झाल्यावर बाकीच्या दस्तऐवजातही शोधू का, असं वर्ड विचारतं, तेव्हा "नो" म्हणा. पत्ता आणि कविता यांतल्या ओळी मुद्दाम शिफ्ट+एंटरनं तोडलेल्या असू शकतात.

ईमेल, चॅट किंवा पीडीएफमधून आणलेला मजकूर नुसता मजकूर म्हणून चिकटवा. बाहेरून आलेल्या बुलेटवर कधीच विश्वास ठेवू नका. त्यातल्या अर्ध्या नुसत्या टाइप केलेल्या असतात.

## टप्पा ४: खरी यादी लावा

आता सगळे मुद्दे निवडा आणि यादी करा.

वर्डमध्ये होम टॅबवरचं बुलेट किंवा क्रमांकाचं बटण पुरतं. दस्तऐवज मोठा असेल तर मात्र "लिस्ट बुलेट" आणि "लिस्ट नंबर" या शैली वापरा. कंट्रोल+शिफ्ट+एलनं लिस्ट बुलेट लागते. शैलीचा फायदा असा की उद्या सगळ्या याद्यांचं अंतर बदलायचं ठरलं तर ते एकाच जागी बदलता येतं. रायटरमध्ये एफ१२ दाबलं की क्रमांकाची यादी आणि शिफ्ट+एफ१२ दाबलं की बुलेटची. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल+शिफ्ट+७ क्रमांकासाठी आणि कंट्रोल+शिफ्ट+८ बुलेटसाठी. वर्डमध्ये लपलेली चिन्हं दाखवणारी कळ डॉक्समध्ये बुलेट लावते, हे लक्षात असू द्या. दोन्हीकडे काम करणाऱ्यांची इथे गल्लत होते.

ओळीच्या सुरुवातीला डॅश किंवा क्रमांक टाइप केला की वर्ड कधी आपोआप यादी करतं, कधी करत नाही. देवनागरी अंक टाइप केल्यावर यादी झालीच असेल, असं गृहीत धरू नका. बटणानंच लावा.

अंतर हवं म्हणून एंटर मारू नका. रिकाम्या ओळी पुन्हा शिरतात त्या याच कारणानं. मुद्द्यांमध्ये थोडी मोकळी जागा हवी म्हणून माणूस परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये जातो, परिच्छेदानंतरचं अंतर वाढवतो आणि काहीच बदलत नाही. मग कंटाळून एंटर मारतो. अंतर न वाढण्याचं कारण त्याच खिडकीत असतं. "डोन्ट ॲड स्पेस बिटवीन पॅराग्राफ्स ऑफ द सेम स्टाइल" या चौकटीत वर्डनं यादीसाठी आधीच खूण केलेली असते. ती काढा. अंतर लगेच दिसेल आणि एंटरची गरज उरणार नाही.

बुलेटचं चिन्ह साधंच ठेवा. चित्राची बुलेट नको. इमोजी तर अजिबात नको. मजकुरात टाकलेल्या इमोजीचं पूर्ण नाव दर मुद्द्याला वाचलं जातं, आणि दहा मुद्द्यांच्या यादीत ते दहा वेळा ऐकावं लागतं. बुलेटच्या आकारात अर्थही भरू नका. झालेल्या कामाला बरोबरची खूण आणि राहिलेल्याला चौकोन, असं केलं तर ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटू शकतात. "झालं:" आणि "बाकी:" असे शब्द लिहा.

> तपासा: क्रमांकावर एकदा क्लिक करा. यादी खरी असेल तर त्या यादीतले सगळे क्रमांक एकदम करडे होतात आणि कर्सर क्रमांकाच्या आत शिरत नाही. कर्सर "१" आणि टिंबाच्या मध्ये उभा राहिला तर तो हाताचा क्रमांक आहे. शंका उरली तर शिफ्ट+एफ१ दाबा. उघडलेल्या पट्टीत बुलेट किंवा क्रमांकाची नोंद दिसली पाहिजे.

## टप्पा ५: उपयादी आणि मुद्द्याच्या पोटातला मजकूर

आतली पातळी करायची तर मुद्द्याच्या सुरुवातीला कर्सर ठेवून टॅब दाबा. परत वर आणायला शिफ्ट+टॅब. रूलरवरचा समास ओढून मुद्दा आत सरकवला तर तो आत दिसतो, पण त्याची पातळी तीच राहते.

दोन पातळ्यांवर थांबा. तिसऱ्या पातळीवर गेलेला माणूस नुसत्या आवाजावरून आपण कुठे आहोत ते लक्षात ठेवू शकत नाही. तिसरी पातळी लागतेच आहे असं वाटलं तर सर्वांत वरच्या पातळीची शीर्षकं करा आणि प्रत्येकाखाली छोटी यादी द्या.

खरी अडचण येते ती मुद्द्यात दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडायचं असतं तेव्हा. लोक एंटर मारतात, नवीन क्रमांक येतो आणि मग बॅकस्पेसनं तो पुसतात. दिसायला सगळं छान होतं, ओळ मुद्द्याखाली नीट बसते. पण तो परिच्छेद आता यादीच्या बाहेर पडलेला असतो. पीडीएफ केल्यावर तिथे यादी तुटते आणि सात मुद्द्यांच्या एका यादीऐवजी "दोन मुद्द्यांची यादी", एक मोकळा परिच्छेद आणि "पाच मुद्द्यांची यादी" असं ऐकू येतं.

अशा ठिकाणी शिफ्ट+एंटर वापरा. तिसऱ्या टप्प्यात जे काढायला सांगितलं तेच इथे योग्य आहे. तिथे ते वेगवेगळ्या मुद्द्यांना चुकीनं एकत्र जोडत होतं, इथे ते एकाच मुद्द्याचा मजकूर एकत्र ठेवतं. स्पष्टीकरण तीन-चार ओळींच्या पुढे गेलं तर यादी मोडा आणि उपशीर्षकं करा.

मुद्द्यांच्या मध्ये चित्र टाकायचं असेल तर तेही त्याच मुद्द्याच्या परिच्छेदात, मजकुराच्या ओळीत ठेवा आणि त्याला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, द्या. तरंगतं चित्र वाचनाच्या क्रमात भलतीकडेच जातं.

## टप्पा ६: क्रमांक

नवीन यादी १ पासून सुरू झाली नाही तर पहिल्या क्रमांकावर उजवं क्लिक करून "रिस्टार्ट ॲट १" निवडा. मध्ये परिच्छेद आल्यामुळे यादी पुन्हा १ पासून सुरू झाली असेल तर "कंटिन्यू नंबरिंग". घाईत असलं तरी क्रमांक हातानं टाइप करू नका. एक हाताचा क्रमांक मध्ये शिरला की त्यापुढचे सगळे मोजण्यात गडबड होते.

देवनागरी अंक हवे असतील तर ते यादीच्या सेटिंगमधूनच घ्या. डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट उघडून नंबर स्टाइलमधून १, २, ३ निवडा. ते दिसत नसतील तर ऑफिसच्या भाषांमध्ये आधी हिंदी जोडा.

क, ख, ग असे क्रमांक मी टाळतो. ऐकताना क आणि ख, ग आणि घ यांत फरक करणं अवघड जातं, वाचनाचा वेग वाढवलेला असेल तर फारच. छोट्या रोमन अंकांचीही तीच गत, "दोन"च्या जागी अनेकदा "आय आय" ऐकू येतं. आतल्या पातळीला १.१, १.२ असे अंक द्या. म्हणजे मुख्य मुद्दा कोणता तेही प्रत्येक वेळी ऐकू येतं.

शीर्षकांना क्रमांक द्यायचे असतील तर शीर्षक यादीचा मुद्दा करू नका. बहुपातळी यादी परिभाषित करताना तिची प्रत्येक पातळी हेडिंग १, हेडिंग २ या शैलींशी जोडा. असं केलं की क्रमांकही येतो आणि शीर्षक शीर्षकच राहतं.

"वरील मुद्दा ४ पाहा" असा उल्लेख हातानं लिहिला असेल तर एक मुद्दा वाढला की तो चुकतो. पाहणारा माणूस वर नजर टाकून दुरुस्त करून घेतो. ऐकणारा चुकीच्या मुद्द्यावर जातो आणि तोच बरोबर आहे असं समजतो. रेफरन्सेस टॅबमधून क्रॉस-रेफरन्स घाला, प्रकार "नंबर्ड आयटम" ठेवा. शेवटी सगळं निवडून एफ९ दाबलं की उल्लेख अद्ययावत होतात.

## टप्पा ७: मजकूर वेबपानावर जाणार असेल तर

संपादकाच्या खिडकीतलं यादीचं बटण वापरा. वर्डमधून चिकटवताना कंट्रोल+शिफ्ट+व्हीनं नुसता मजकूर आणा आणि यादी नव्यानं लावा. थेट चिकटवल्यावर बुलेट दिसते, पण आत ती परिच्छेदात टाइप केलेला ठिपकाच असू शकते.

एचटीएमएल स्वतः लिहीत असाल तर चार गोष्टी. बुलेटची यादी यूएल टॅगमध्ये, क्रमांकाची ओएलमध्ये, आणि या दोघांच्या थेट पोटात फक्त एलआय. उपयादी ही एखाद्या एलआयच्या आत असते, दोन एलआयच्या मध्ये नाही. क्रमांक दुसऱ्या आकड्यापासून सुरू करायचा तर स्टार्ट हा गुणधर्म वापरा. देवनागरी अंकांसाठी सीएसएसमधल्या लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी हे मूल्य द्या. पानाच्या मूळ टॅगवर भाषा मराठी अशी नोंदवा.

> सावधान: सीएसएसनं बुलेट पूर्ण काढून टाकली तर सफारी ब्राउझर त्या यादीला यादी म्हणून सांगणं बंद करतो आणि व्हॉइसओव्हर या ॲपलच्या स्क्रीन रीडरवर मुद्द्यांची संख्या ऐकू येत नाही. दिशादर्शनाच्या नॅव्ह टॅगमधल्या याद्या याला अपवाद आहेत. बाकी ठिकाणी यूएलला रोल म्हणून लिस्ट हे मूल्य द्या.

कुणी "हे सगळं कशाला?" असं विचारलं तर वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांमधला १.३.१ हा निकष दाखवा. दिसण्यातून जी रचना कळते ती प्रोग्रॅमलाही कळली पाहिजे, असं तो सांगतो. २००८ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून तो "ए" म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीवर आहे.

## टप्पा ८: पीडीएफ करताना

आतापर्यंतचं सगळं काम इथे एका चुकीच्या क्लिकनं जाऊ शकतं.

वर्डमध्ये प्रिंटमध्ये जाऊन "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ" निवडू नका. त्यातून पान जसं दिसतं तसं येतं, पण यादी, शीर्षकं, तक्ते यांचे टॅग येत नाहीत. सेव्ह ॲजमधून पीडीएफ निवडा, ऑप्शन्स उघडा आणि "डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी" या चौकटीत खूण आहे ना ते पाहा. रायटरमध्ये एक्स्पोर्ट ॲज पीडीएफच्या खिडकीत टॅग्ड पीडीएफचा पर्याय असतो, आणि नव्या आवृत्त्यांत युनिव्हर्सल ॲक्सेसिबिलिटीचाही. छापून, सही करून पुन्हा स्कॅन केलेली फाइल हे तर नुसतं चित्र असतं. सहीचं पान वेगळं द्या आणि मूळ पीडीएफ तशीच ठेवा.

ॲक्रोबॅट प्रो असेल तर टॅगची पट्टी उघडून यादीपर्यंत जा. संपूर्ण यादीसाठी एल, त्यात प्रत्येक मुद्द्यासाठी एलआय, आणि एलआयच्या आत बुलेट किंवा क्रमांकासाठी एलबीएल आणि मजकुरासाठी एलबॉडी, अशी उतरंड दिसली पाहिजे. तिथे नुसती पीची, म्हणजे साध्या परिच्छेदाच्या टॅगची, रांग दिसली तर यादी हरवली आहे. ॲक्रोबॅट प्रो नसेल तर विंडोजवर चालणारं पॅक हे मोफत साधन वापरा. त्यातलं स्क्रीन रीडर प्रीव्ह्यू यादीची रचना दाखवतं.

> सावधान: आपोआप तपासणीनं "चूक नाही" म्हटलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ॲक्रोबॅटची तपासणी यादीचे टॅग योग्य जागी आहेत का एवढंच पाहते. ज्या यादीला टॅगच नाहीत ती तिला यादी वाटतच नाही, म्हणून त्यात चूकही सापडत नाही. हातानं डॅश टाकलेली यादी तिच्यातून सहज पार होते.

## टप्पा ९: ऐकून पाहा

एन्व्हीडीए विंडोजसाठी मोफत आहे. सुरू केल्यावर त्याच्या मेनूतल्या टूल्समधून स्पीच व्ह्यूअर उघडा. जे बोललं जातं ते तिथे लिहूनही येतं, त्यामुळे आवाजाची सवय नसली तरी तपासता येतं. थांबवायचं असेल तेव्हा इन्सर्ट+क्यू दाबा.

पीडीएफ किंवा वेबपान उघडून एल दाबत जा. दस्तऐवजात नऊ याद्या असतील तर नऊ वेळा थांबलं पाहिजे. आठच वेळा थांबलं तर एक यादी खोटी आहे, बारा वेळा थांबलं तर कुठेतरी यादी तुटली आहे. मग प्रत्येक यादीत आय दाबत जा आणि सांगितलेली संख्या ओळख-वाक्यातल्या संख्येशी जुळते का ते पाहा. उपयादी असेल तर ती वेगळी मोजा. मॅकवर कमांड+एफ५नं व्हॉइसओव्हर सुरू करा आणि कंट्रोल+ऑप्शन+कमांड+एक्सनं याद्यांवर जा.

वर्डच्या फाइलमध्ये नुसत्या कानावर भरवसा ठेवू नका. कुणी मजकुरात ठिपक्याचं चिन्ह टाइप केलं असेल तर स्क्रीन रीडर त्यालाही "बुलेट" म्हणू शकतो. उलट, टाइप केलेला डॅश नेहमीच्या विरामचिन्ह-पातळीवर तो वाचतच नाही. म्हणून चौथ्या टप्प्यातली क्लिकची तपासणी इथेही करा.

यानंतर जमलं तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला फाइल द्या आणि एक काम सांगा: "चौथी पायरी शोधा आणि तिच्यानंतर काय करायचं ते सांगा." त्यांना मध्ये मदत करू नका. कोणत्या कळा दाबल्या जातात आणि कुठे मागे जावं लागतं, ते लिहून ठेवा.

सापडलेली चूक पीडीएफमध्ये दुरुस्त करू नका. मूळ वर्ड फाइलमध्ये करा, पीडीएफ पुन्हा बनवा आणि एलची मोजणी पहिल्यापासून करा. पीडीएफमध्ये टॅग हातानं जोडले तर पुढच्या वेळी कुणी वर्डमध्ये एक शब्द बदलून नवीन पीडीएफ काढेल आणि जुनी चूक तशीच परत येईल.